मुळशीच्या डोंगरात मुलांसोबत रानमेवा : काय खावं, कशाला हात लावू नये?

वळवाची_सर

नमस्कार मंडळी. मे महिन्यात आमच्या सोसायटीतली सात-आठ मुलं आणि आम्ही काही पालक मुळशीकडे ओळखीच्यांच्या शेतावर राहायला जातोय. शेताला लागूनच डोंगर आहे. यजमान म्हणाले, "करवंदं, तोरणं, अळू, काय पाहिजे ते तोडून खा." मुलं ऐकूनच हवेत आहेत. माझ्या मात्र पोटात गोळा आलाय. मी वाढले कोथरूडला आणि करवंदं म्हणजे सिंहगडावर द्रोणात विकत मिळतात ती, एवढंच मला ठाऊक.

नेटवर शोधलं तर ब्लूबेरी आणि ब्लॅकबेरी कशी ओळखावी याची पानंच्या पानं. मराठीत शोधलं तर करवंदाचे रक्तवर्धक गुणधर्म. झाड ओळखायचं कसं आणि त्याच्यासारखं दिसणारं विषारी काय असतं, हे कुणी सांगतच नाही. एका व्हिडिओत दाखवलं की फळ आधी ओठाला लावायचं, मग जिभेला, थोडा वेळ थांबायचं आणि चुरचुरलं नाही तर खायचं. ही पद्धत आपल्याकडे चालेल का? पक्ष्यांनी खाल्लेलं फळ माणसाला चालतं हे खरं का? मोबाइलवरच्या ॲपवर कितपत विसंबावं?

'जाणकारांना विचारा' असं कृपया लिहू नका. जाणकार म्हणूनच तुम्हाला विचारतेय.

मुळशीकर

ताई, करवंदापासून सुरुवात करा आणि पहिल्या दिवशी करवंदावरच थांबा. मुलांना फळ दाखवण्याआधी झाड दाखवा. पानं समोरासमोर, जाड आणि वरून तुकतुकीत. काटेही जोडीनं, समोरासमोर; बऱ्याचदा काट्याला टोकाशी फाटा फुटलेला असतो. पान किंवा कच्चं फळ तोडलं की पांढराशुभ्र चीक येतो. फुलं पांढरी, चांदणीसारखी, पाच पाकळ्यांची, आणि वास जाईजुईच्या घराण्यातला. मे महिन्यात एखाद्या फांदीवर चुकार फूल अजून असतं. फळ हिरवं, मग लालसर, मग काळं. आत गर लालसर आणि चपट्या बिया.

काळं आणि हाताला मऊ लागणारं तेवढंच तोडायचं. लाल असताना आंबट लागतं आणि चिकानं ओठ चिकटतात. आमच्याकडे पोरं तेही खातात मिठाबरोबर, पण शहरातल्या पोरांनी खूप खाल्लं तर घसा खवखवणार. चीक हाताला लागला तर खोबरेल तेलानं निघतो, नुसत्या पाण्यानं नाही.

पहिला मोठा पाऊस झाला की करवंदं संपली समजा. पाणचट होतात, आत अळ्या पडतात. मेचा दुसरा-तिसरा आठवडा उत्तम.

अघळपघळ

आणि कोंबडा की कोंबडी विसरू नका! करवंद अर्धं चावायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. आमची भावंडं यावरून हाणामाऱ्या करायची.

धागा वाचनखुणेत साठवला आहे. :)

कोरडं_पान

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडं लांबेल.

धागाकर्तीनं विचारलेल्या 'सोप्या कसोट्या' एकेक करून घेऊ, कारण माझ्या मते खरा धोका तिथेच आहे.

'चीक निघतो ते विषारी.' बरेचदा खरं आहे, पण वर मुळशीकरांनी लिहिलंच आहे की करवंदाला भरपूर चीक असतो. करवंद हे कण्हेरीच्याच कुळातलं. म्हणजे ज्या कुळात आपल्याकडची सगळ्यांत धोकादायक बागेतली झाडं आहेत, त्याच कुळातलं हे आपलं लाडकं फळ. चिकाचा नियम पाळला तर करवंद खाता येणार नाही, आणि करवंद बघून नियम सोडला तर कण्हेर खाल.

'पक्षी खातात ते चालतं.' अजिबात नाही. घाणेरीची फळं बुलबुल दिवसभर खातात, आणि तीच घाणेरी खाऊन गुरं आजारी पडतात. पक्ष्याचं पोट वेगळं. बऱ्याचदा तो वरचा गर पचवून बी जशीच्या तशी टाकून देतो. आपण बी चावतो.

'कडू किंवा झोंबणारं तेच विषारी.' मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात. म्हणून तर शाळेच्या कडेच्या कुंपणावरच्या बिया मुलं मूठभर खातात आणि मग वर्गच्या वर्ग ओकाऱ्या करत दवाखान्यात येतो. अधूनमधून अशी बातमी महाराष्ट्रात कुठून ना कुठून असतेच. तेव्हा जिभेला लावून पाहण्याची पद्धत मुलांना शिकवूच नका. गुंज (वेलावरची लाल-काळी, विषारी बी) चावल्यावर जीभ चुरचुरत नाही. त्रास सुरू व्हायला कित्येक तास जातात, कधी दिवसही.

'रंग भडक असेल तर लांब राहा.' मग पिकलेलं रानतोंडलं काय? लालभडक असतं आणि चांगलं खातात. त्याच कुंपणावर शिवलिंगीही असते, लाल फळावर पांढरे पट्टे. ती खायची नाही.

एकही नियम सगळीकडे लागू पडत नाही. झाड ओळखीचं असेल तर खायचं, नसेल तर नाही. ओळखीचं म्हणजे पान, खोड, काटा, फूल, कच्चं फळ, पिकलेलं फळ आणि आतली बी, हे सगळं जुळलं पाहिजे. नुसतं फळ बघून नाव सांगायला मीही तयार होत नाही. विद्यार्थी हातावर दोन काळी फळं घेऊन येतात आणि विचारतात, "मॅडम, हे काय?" मी म्हणते, जा, फांदी घेऊन ये.

जुना_भिडू

अहो किती घाबरवाल लोकांना! आम्ही वेल्ह्याच्या बाजूला वाढलो, हाताला लागेल ते खाल्लं. घाणेरीची काळी फळंसुद्धा. काही झालं नाही. आताच्या पोरांना निर्जंतुक केलेलं जग हवंय.

कोरडं_पान

@जुना_भिडू, तुम्ही हाताला लागेल ते खाल्लं नाही. तसं तुम्हाला वाटतं एवढंच. तुमच्यासोबत एखादी मोठी बहीण, गुराखी किंवा आजी होती आणि ती 'हे नको' म्हणत होती. ते शिक्षण नकळत झालं. कोथरूडच्या मुलाला तसं कुणी नाही, म्हणून हा धागा.

घाणेरीबद्दल : पूर्ण पिकलेली काळी फळं खेड्यातली मुलं खातात हे मलाही माहीत आहे. पण हिरवी फळं विषारी आहेत, आणि एकाच घोसात हिरवी-काळी शेजारी शेजारी असतात. सहा वर्षांच्या मुलाला सांगून तो फक्त काळी वेचेल, यावर मी पैज लावणार नाही.

जुना_भिडू

बरं बाई, बहिणीचं खरं आहे. थोरली होती.

मुळशीकर

घाणेरीवरून आठवलं. करवंदाला हुबेहूब दिसणारं दुसरं काळं फळ आमच्या डोंगरात मला तरी माहीत नाही. खरी अडचण निराळी आहे. करवंदाच्या जाळीतच घाणेरी घुसलेली असते आणि वरून गुंजेचा वेल चढलेला असतो. उन्हाळ्यात गुंजेच्या शेंगा वाळून उकलतात आणि लाल-काळ्या बिया लटकत राहतात. मूल करवंद तोडायला हात घालतं आणि त्याच्या डोळ्यांसमोर गुंजा. सुंदर दिसतात, खिशात जातात, मग तोंडात. तेव्हा जाळीपाशी गेल्यावर आधी गुंज कुठे आहे ते शोधा आणि मुलांना दाखवा. ती जाळी सोडून पुढची धरा. डोंगरात जाळ्यांना तोटा नाही.

घाणेरी ओळखायला सोपी : खोड चौकोनी, पान खरखरीत, चुरगाळलं की उग्र वास, फळं मण्यांएवढी आणि घोसात. करवंद वाटाण्यापेक्षा बरंच मोठं.

आणि जाळीत हात घालायच्या आधी काठी आपटा. खडकाळ उतारावर फुरसं (विषारी साप) असतं.

वळवाची_सर

बापरे, फुरशाचा विचारच केला नव्हता. बूट आणि काठी यादीत घातली.

अळूबद्दल कुणी सांगेल का? यजमानांनी मुद्दाम सांगितलंय की अळू खाच.

कोरडं_पान

अळू (भाजीचं नव्हे, काटेरी झाडाचं फळ) खायचं असेल तर गेळा आधी शिकून घ्या. मला विचाराल तर पुणे जिल्ह्याच्या डोंगरात नवशिक्याला फसवणारी सगळ्यांत पक्की जोडी हीच. दोन्ही एकाच कुळातली, दोन्ही काटेरी आणि बुटकी झाडं, दोन्हींची फळं गोल, सुपारीहून मोठी, पिकली की पिवळट-तपकिरी. गेळ्याचं फळ म्हणजे आयुर्वेदातलं मदनफळ. वमनासाठी, म्हणजे मुद्दाम ओकारी काढण्यासाठी वापरतात ते. ओढ्यात मासे गुंगवायलाही ते ठेचून टाकत असत. तेवढ्यावरून समजा.

फरक फळ कापलं की कळतो. अळूच्या आत चार-पाच मोठ्या, लाकडासारख्या टणक बिया, भोवती मऊ तपकिरी गर. गेळ्याच्या आत बुळबुळीत गरात बारीक बियांचा खच. बाहेरून बघायचं तर गेळ्याच्या डोक्यावर फुलाच्या निदलाचा (पाकळ्यांखालच्या हिरव्या भागाचा) मुकुट ठळक राहिलेला असतो. अळूवर त्याची जेमतेम खूण. गेळ्याची पानं आखूड फांद्यांवर झुपक्यानं येतात. अळूची समोरासमोर, कित्येकदा तीन-तीनच्या वेढ्यात.

म्हणून नियम : अळू चाकूनं कापल्याशिवाय कुणी खायचं नाही. मुलांना हे आवडतं सुद्धा, कापून बिया मोजायचा खेळ होतो.

पेठकर

सिंहगडावर अळू विकतात त्यात कधी गेळा मिसळलेला असतो का? म्हणजे विकत घेतलेलंही कापून बघायचं का?

मुळशीकर

विकणाऱ्या बाया असली चूक करत नाहीत. आमच्याकडे महादेव कोळी, कातकरी, ठाकर बायाबापड्या पिढ्यानपिढ्या हे काढतात. गेळा हातात घेतला तर वजनावरून सांगतील. उलट मी म्हणतो, डोंगरात जायच्या आधी त्यांच्याकडूनच एक-एक द्रोण घ्या आणि तिथेच बसून विचारा, पान कसं असतं, झाड कुठे असतं. पन्नासच्या वाट्याचे चाळीस करायला बसू नका. भर उन्हात काट्यांतून एकेक फळ काढलेलं असतं.

बायको_म्हणते

आमच्या घरात घासाघीस हा खेळ समजला जातो, पण करवंदांच्या बाबतीत मुळशीकरांना +१. एकदा स्वतः अर्धा तास तोडून बघावीत. वाटीभरसुद्धा होत नाहीत आणि हात रक्तबंबाळ.

रत्नांग्रीहून

पक्ष्यांच्या मुद्द्याला कोकणातून एक पुरवणी. आमच्याकडे काजरा (कुचला) भरपूर. फळ नारिंगासारखं गोल, केशरी, इतकं देखणं की कुणीही फसेल. धनेश पक्षी ते मजेत खातो. आणि त्याच फळाच्या बियांत स्ट्रिकनीन असतं, माणसाला झटके आणून मारणारं. पुण्याहून ताम्हिणी उतरून कोकणात येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. घाट उतरला की झाडं बदलतात.

टेकडी_सहा_वाजता

जांभळाबद्दल कुणीच बोललं नाही. ते तर सगळ्यांना येतं, त्यात काय चुकणार?

कोरडं_पान

जांभळात चुकायला एकच जागा आहे, पण ती मोठी आहे : नरक्या. महाबळेश्वर, भीमाशंकर, सगळ्या घाटमाथ्यावर हे लहान झाड आहे. फळ लांबट गोल, हिरव्याचं लालसर-जांभळं आणि मग काळं होतं. आत एकच बी. दुरून बघितलं तर बारीक जांभूळच. यात कॅम्प्टोथेसिन असतं. कर्करोगावरची काही औषधं ज्यापासून बनतात तेच. वाढणाऱ्या पेशी मारणारं रसायन. या औषधाच्या मागणीपायी सह्याद्रीतली नरक्याची झाडं चोरून तोडली गेली हा वेगळा आणि दुःखाचा विषय.

ओळख : जांभळाची पानं समोरासमोर, बारीक शिरा दाट आणि समांतर, कडेला एका शिरेत मिळालेल्या. पान चुरगाळलं की सुगंधी, थोडासा कैरीच्या पानासारखा वास. नरक्याची पानं एकाआड एक, आणि चुरगाळली की दुर्गंध. नाव उगाच नाही पडलेलं. शिवाय जांभळं मेअखेर ते जुलै, नरक्याची फळं पावसाळ्यात आणि त्यानंतर. त्यामुळे मे महिन्यात हा प्रश्न धागाकर्तीला येणार नाही, पण दिवाळीच्या सुट्टीत भीमाशंकरला 'जांभळं' दिसली तर हात मागे घ्या. जांभळाचा तो हंगामच नाही.

हंगाम ही स्वतंत्र खूण आहे, लोक ती वापरतच नाहीत. आंबगूळ (लाल फळ, त्यावर चंदेरी ठिपके) हिवाळा सरताना. तोरणं, करवंदं, अळू उन्हाळ्यात. भोकरं, जांभळं पावसाच्या तोंडावर. बोरं थंडीत. भलत्या महिन्यात भलतं फळ दिसलं की शंका घ्यायची.

पेठकर

ॲपचं राहिलं. मी वापरतो. तळजाईवर बहुतेक झाडं बरोबर सांगतं.

कोरडं_पान

टेकडीवर लावलेली झाडं (गिरिपुष्प, कडुनिंब, बहावा) जगभर फोटो काढलेली असतात, ती ॲपला येतात. घाटातल्या झुडपांचे फोटो कमी, त्यामुळे ॲप जवळच्या एखाद्या परदेशी जातीचं नाव ठोकून देतं, आणि तेही छातीठोकपणे. माझा वापर असा : ॲपनं दिलेलं नाव म्हणजे शोधायला सुरुवात. खायला परवानगी नव्हे.

फोटो काढायचेच तर फांदीचा काढा, पानं कशी लागली आहेत ते दिसू दे, पानाची मागची बाजू, काटा, आणि कापलेलं फळ. हातावरच्या फळाच्या फोटोवरून काहीही सांगता येत नाही. ज्यांना खरोखर खोलात जायचंय त्यांच्यासाठी पुणं भाग्यवान आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून इथे आहे. आघारकर संशोधन संस्थेतही वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह आहे. नीट दाबून वाळवलेली फांदी, ठिकाण आणि तारीख लिहून नेली की लोक मनापासून मदत करतात.

ओपीडी_नंतर

डॉक्टर म्हणून लिहिते. उशिरा आले, पण हे लिहिल्याशिवाय धागा पुढे जाऊ नये.

मुलानं अनोळखी फळ किंवा बी खाल्ली असं कळलं तर : तोंडातलं काढून टाकायला लावा, चूळ भरायला लावा. ओकारी काढू नका. मिठाचं पाणी पाजू नका, घशात बोटं घालू नका, 'उतारा' म्हणून दूध-तूप-हळद काही देऊ नका. मिठाच्या पाण्यानंच मुलं गंभीर होतात. किती वाजता आणि अंदाजे किती खाल्लं ते लिहून ठेवा. त्या झाडाची पानाफळांसकट फांदी पिशवीत घ्या. ती फांदी आमच्यासाठी अर्धं निदान असते. १०८ ला फोन करा किंवा गाडी काढा. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, १८०० ११६ ११७ हा त्यांचा निःशुल्क क्रमांक. तिथून डॉक्टरलाही सल्ला मिळतो.

सगळ्यांत महत्त्वाचं : 'आता बरं दिसतंय' म्हणून थांबू नका. मोगली एरंडात ओकाऱ्या-जुलाब लवकर सुरू होतात, त्यामुळे लोक धावत येतात. गुंजेत मूल कित्येक तास खेळत असतं. गुंज न चावता गिळली तर कठीण सालीमुळे बरेचदा तशीच बाहेर पडते. चावली असेल तर एकसुद्धा जिवावर बेतायला पुरेशी आहे. मुलानं चावली की नाही हे तुम्हाला कळणार नाही, तेव्हा चावली असंच धरा. धोत्र्यात तोंड कोरडं, बुबुळं मोठी, मूल असंबद्ध बडबडतं. घरच्यांना वाटतं भूतबाधा.

आणि एक निरीक्षण. डोंगरातला रानमेवा खाऊन विषबाधा झालेली मुलं मी फार पाहिलेली नाहीत. जास्त येतात ती घराजवळची. पिवळी कण्हेर (बिट्टी) सोसायटीच्या कुंपणाला असते, मुलं तिच्या बियांशी खेळतात, आणि ती हृदयाचे ठोके बिघडवते. साधी कण्हेर तर रस्त्याच्या दुभाजकावर सगळीकडे. वळवाची_सर, मुळशीला जायच्या आधी तुमच्याच सोसायटीला एक फेरी मारा.

वळवाची_सर

मारली. पिवळी कण्हेर आहे, घसरगुंडीच्या मागे. बिट्ट्या खाली पडलेल्या. माळीकाकांशी बोलले. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला तर दोघांनी 'देवाला फुलं लागतात' म्हणून विरोध केलाय. चर्चा चालू आहे.

बायको_म्हणते

त्या चर्चेला वेगळा धागा लागेल.

सह्यवारी

एक कायद्याचा मुद्दा. ताम्हिणी (२०१३) आणि भीमाशंकर (१९८५) ही अभयारण्यं आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार अभयारण्यातून परवानगीशिवाय फळ-पान काही काढून नेता येत नाही. लोक पिशव्या भरून आणतात आणि वर रील टाकतात. गावकऱ्यांचे वनहक्क (२००६ चा कायदा) वेगळे, ते आपल्याला लागू नाहीत. खासगी शेताच्या बांधावर मालकाच्या परवानगीनं तोडलं तर प्रश्न नाही.

आणि देवराई असेल तर काडीही उचलू नका. मुळशी-वेल्हे-भोर पट्ट्यात खूप आहेत. गावाचा राग ओढवून घ्यायचं कारण नाही.

जुना_भिडू

देवराईतलं आम्हीही कधी खाल्लं नाही. तिथे आजीसुद्धा लागत नव्हती, पोरं आपोआप हात मागे घ्यायची.

वळवाची_सर

शेत आणि डोंगराचा खालचा उतार यजमानांच्याच मालकीचा आहे, विचारून घेतलं. तोरणांचं काय? पांढरी फळं म्हटल्यावर मला जरा भीतीच वाटते.

मुळशीकर

तोरण वेलासारखं पसरणारं काटेरी झुडूप आहे. काटे खाली वळलेले, कपड्यात अडकले की सोडत नाहीत. पान बोरीच्या पानाचंच मोठं रूप : बुडापासून निघणाऱ्या तीन ठळक शिरा, मागून मखमली, कडा बारीक दातेरी. फळ कच्चं हिरवं, पिकल्यावर पांढरं, आत एकच टणक बी. चव गोडसर, पिठूळ. बोरीच्या घराण्यातलंच.

पांढऱ्या फळाचं दुसरं झुडूप म्हणजे पांढरफळी. त्याची फळं फार बारीक, आत छोट्या बिया. पिकलेली पांढरफळीही गुराखी खातात. तरी तीन शिरा आणि एक टणक बी असेल तरच मुलांना द्या. नाही जुळलं तर सोडा.

कोरडं_पान

+१. आणि मुलांचे तीन गट करून प्रत्येकाला एकच झाड वाटून द्या. करवंद-गट, तोरण-गट, अळू-गट. आपलं झाड दुसऱ्यांना ओळखून दाखवायचं. घाणेरी, गुंज आणि गेळा हे तिन्ही सगळ्यांनी ओळखायचे. फळ तोंडात जाण्याआधी एका मोठ्या माणसानं 'हो' म्हणायचं. दोन दिवसांत तीन झाडं आली तरी पुष्कळ झालं. चौथं पुढच्या वर्षी.

अघळपघळ

उरलेल्या कच्च्या करवंदांचं लोणचं घाला! चीक जायला मिठाच्या पाण्यात ठेवायची, पुसून चिरायची, मोहरीची पूड, तिखट, गूळ. आमच्याकडे गुळाशिवाय घालत नाहीत, सासरी गूळ घातला तर तोंड वाकडं करतात.

पेठकर

गूळ हवाच.

रत्नांग्रीहून

गूळ नको. :)

वळवाची_सर

सगळ्यांचे मनापासून आभार. यजमानांना फोन केला. त्यांच्या शेतावर कामाला येणाऱ्या मावशी दोन्ही दिवस सकाळी सोबत येणार आहेत, आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्यायचे ठरलंय. शिवलिंगीचा फोटो त्यांना पाठवला तर म्हणाल्या, "ते कशाला दाखवताय, आमची शेळी पण तोंड लावत नाय."

शेवटचा प्रश्न : परत येताना पौडच्या आसपास अळू विकत घेतले आणि कडक निघाले तर फुकट जातात का?

मुळशीकर

नाही. भाताच्या पेंढ्यात किंवा तांदळाच्या डब्यात घालून ठेवा. हिरवट असताना घेतलेलेच चांगले, प्रवासात फुटत नाहीत. तपकिरी पडून दाबल्यावर बोट रुतलं की तयार. एकदम सगळे पिकतात, तेव्हा शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.